रेडियमच्या अक्षरांचे यंत्र निवडताना



‘धंद्याला बरकत येणे’ हा शब्दप्रयोग मराठी माणसाच्या तोंडी नित्य असतो. त्याच शब्दाचे नाव धारण करणारी बरकतपुरा ही वस्ती हैदराबाद शहरात काचीगुडा आणि नारायणगुडा या भागांना लागून आहे. काचीगुड्याचे रेल्वेस्थानक १९१६ साली उभे राहिले. तेव्हापासून नांदेड, परभणी या बाजूने कामधंद्यासाठी येणारा मराठी प्रवासी याच परिसरात उतरत आला. मराठवाडा आणि हैदराबाद ही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच राज्याची अंगे होती. या शहरात १९०७ साली विवेकवर्धिनीसारखी मराठी शिक्षणसंस्था सुरू झाली, यावरूनही हे नाते किती जुने आहे, हे ध्यानी येते.

अशा वस्तीतील रस्त्यावरून चालताना डोळ्यांत भरतात ते दुकानांचे फलक. एकाच फलकावर तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अक्षरे नांदतात. कोठे हिंदी असते, तर मराठी मंडळाचा गणेशोत्सव आला की मराठीही येते. हे चित्र केवळ हैदराबादचे नव्हे. महाराष्ट्राच्या हद्दीत देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तालुक्यांतही दोन-तीन लिप्यांचे व्यवहार शेजारीशेजारी चालतात. म्हणून बरकतपुऱ्यात फलक रंगविणाऱ्या कारागिरापुढे आज जो प्रश्न उभा आहे, तोच प्रश्न सीमेलगतच्या गावांतील अनेक तरुणांपुढे आहे. तो प्रश्न असा : कुंचला बाजूला ठेवून अक्षरे कापणारे यंत्र घ्यावे काय, आणि घ्यावयाचे तर कोणते?

या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर कर्जाचा हप्ता सुरू राहतो आणि यंत्रावर धूळ बसते. उत्तर बरोबर आले, तर घरातील दोन-तीन माणसांना बारमाही काम मिळते. यास्तव या विषयाचा विचार विक्रेत्याच्या रंगीत पत्रकावरून न करता कामाच्या बाजूने करणे अगत्याचे आहे.

यंत्र म्हणजे नेमके काय?

बाजारात ज्याला ‘रेडियम’ म्हणतात, त्याचा रेडियम या मूलद्रव्याशी काही संबंध नाही. ते व्हिनायल या प्लॅस्टिकचे पातळ, रंगीत आणि पाठीमागे चिकट असलेले पान असते. त्याच्या पाठीला मेणचट कागद लावलेला असतो. अक्षरे कापणारे यंत्र, म्हणजेच कटिंग प्लॉटर, हे पान रुळांमध्ये धरून पुढेमागे सरकविते आणि त्याच्यावरील बारीक पाते डावीउजवीकडे फिरते. या दोन गतींच्या मेळातून अक्षराची कड कापली जाते. पात्याने वरचे पान कापावे, पण खालच्या कागदाला धक्का लावू नये, हे या कामाचे सारे रहस्य आहे. त्यानंतर अक्षराबाहेरचा भाग सोलून काढावयाचा, उरलेली अक्षरे चिकटपट्टीवर उचलावयाची आणि काचेवर, पत्र्यावर किंवा वाहनावर बसवावयाची.

संगणकाच्या साहाय्याने चालणारी अशी यंत्रे १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील गर्बर कंपनीने फलकांच्या धंद्यात आणली. पुढे जपान आणि बेल्जियम येथील कंपन्यांनी त्यांत मोठी सुधारणा केली व नंतर स्वस्त चिनी यंत्रे बाजारात आली. आज एकाच आकाराच्या दोन यंत्रांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक आढळतो. हा फरक कशासाठी असतो, हे समजून घेतल्याखेरीज स्वस्त काय आणि महाग काय, हे ठरविता येत नाही.

एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. यंत्र अक्षर काढीत नाही. दिलेल्या रेषेवरून ते केवळ पाते फिरविते. रेषा वाकडी असेल, तर यंत्र ती अत्यंत निष्ठेने वाकडीच कापील. म्हणून ज्याच्या डोळ्याला अक्षराची ओळख आहे, त्या जुन्या चित्रकाराचे स्थान यंत्राने जात नाही. उलट, त्याच्या ज्ञानाला अधिक भाव येतो.

आधी कामाची वही

यंत्राच्या दुकानात जाण्यापूर्वी कारागिराने मागील तीन महिन्यांची वही उघडावी. वही नसेल, तर पुढील एक महिना नोंद ठेवावी. किती कामे आली? त्यांत काचेवरील अक्षरे किती, वाहनांवरील किती, शाळेचे व कार्यालयांचे फलक किती? सर्वांत मोठे अक्षर किती उंचीचे होते आणि सर्वांत लहान किती? कोणत्या लिपीचे काम अधिक आले? किती कामे बाहेरून कापून आणली आणि त्यासाठी किती पैसे मोजले?

या वहीतून यंत्राची रुंदी आपोआप ठरते. व्हिनायलचे रूळ बहुधा ६१ आणि १२२ सेंटिमीटर रुंदीचे मिळतात. छोट्या धंद्याला ६१ सेंटिमीटरचा रूळ घेणारे, म्हणजे बाजारात चोवीस इंची म्हणून ओळखले जाणारे यंत्र पुरेसे ठरते. त्याहून मोठे अक्षर दोन तुकड्यांत कापून जोडता येते. हातभर रुंदीचे लहान यंत्र हौसेच्या कामाला ठीक. परंतु त्यासाठी प्रत्येक वेळी रूळ कापून घ्यावा लागतो आणि नासाडी वाढते. चार फुटी यंत्र घेण्याचा मोह मात्र वही पाहूनच आवरावा. वर्षातून दोनदा येणाऱ्या मोठ्या कामासाठी बारा महिने हप्ता भरणे शहाणपणाचे नव्हे.

मोटर, दाब आणि पाते

दुसरी बाब मोटरची. स्वस्त यंत्रांत स्टेपर मोटर असते. ती ठरावीक पावले मोजत फिरते. पाऊल चुकले, तर ते तिला कळत नाही. सर्वो मोटर आपली जागा सतत तपासते आणि चूक दुरुस्त करीत राहते. सरळ रेषांच्या इंग्रजी अक्षरांत हा फरक फारसा जाणवत नाही. परंतु तेलुगूची वाटोळी वळणे कापताना हलक्या यंत्राच्या कडेला बारीक दाते पडतात आणि उन्हात चमकणाऱ्या काचेवर ते दुरून दिसतात. ज्याच्या वहीत वळणदार लिप्यांचे काम अधिक, त्याने सर्वो मोटरसाठी चार पैसे जास्त मोजणे योग्य ठरते.

तिसरी बाब दाबाची. पात्याचा दाब ग्रॅममध्ये सांगतात. साध्या व्हिनायलला सुमारे शंभर ग्रॅमच्या आसपासचा दाब पुरतो. रात्री वाहनाच्या प्रकाशात चमकणारे परावर्तक पान जाड असते. त्याला अधिक दाब लागतो. पात्याच्या टोकाचा कोनही कामाप्रमाणे बदलतो. नेहमीच्या कामाला ४५ अंशांचे, तर जाड पानाला ६० अंशांचे पाते वापरतात. पाते धारकाबाहेर किती काढावे, यालाही माप आहे. ते पानाच्या जाडीहून किंचित अधिक असावे, पण पान आणि कागद यांच्या एकत्रित जाडीहून कमीच असावे. नवशिका कारागीर पाते जास्त बाहेर काढतो व दाबही वाढवितो. त्यामुळे कागद फाटतो, पात्याचे टोक मोडते आणि यंत्राच्या तळपट्टीवर कायमची चीर पडते. जुने यंत्र विकत घेताना ही तळपट्टी आणि पान दाबून धरणारी रबरी चाके प्रथम पाहावीत, ती याच कारणासाठी.

यंत्राची परीक्षा

यंत्र विकत घेण्यापूर्वी त्याची परीक्षा विक्रेत्याच्या नमुन्यावर घेऊ नये. विक्रेता इंग्रजी अक्षरांचा वा फुलपाखराचा नमुना कापून दाखवितो आणि तो सुबकच येतो. कारागिराने आपल्या वहीतील सर्वांत अवघड काम बरोबर न्यावे व ते आपल्या डोळ्यांदेखत कापवून घ्यावे.

पहिली परीक्षा लांबीची. पात्याच्या जागी लेखणी बसवून तीन मीटर लांबीचा आयत कागदावर एकावर एक तीन वेळा काढावयास सांगावा. तिन्ही वेळच्या रेषा एकमेकींवर बसल्या, तर यंत्र कागद सरळ ओढते. त्या फाकल्या, तर लांब फलकाच्या शेवटी अक्षरे तिरपी जाणार, हे निश्चित.

दुसरी परीक्षा कोपऱ्याची. एक लहान चौकोन कापावा. त्याचे चारही कोपरे टोकदार आले पाहिजेत आणि जेथून काप सुरू झाला, तेथेच तो मिळाला पाहिजे. पात्याचे टोक धारकाच्या मध्यापासून थोडे बाजूला असते. त्या अंतराची यंत्रात केलेली नोंद चुकली, तर कोपरे गोलसर होतात. हा दोष सुधारता येतो. तो कसा सुधारावा, हे विक्रेत्याला दाखविता आले पाहिजे.

तिसरी परीक्षा लिप्यांची, आणि बरकतपुऱ्यासारख्या ठिकाणी हीच सर्वांत महत्त्वाची.

देवनागरीत शिरोरेषा आहे. संगणकातील प्रत्येक अक्षराला आपापला शिरोरेषेचा तुकडा असतो आणि हे तुकडे एकमेकांवर किंचित चढलेले असतात. छापलेल्या कागदावर ते दिसत नाही. कापणारे यंत्र मात्र प्रत्येक तुकड्याची कड वेगळी कापते. परिणामी ‘विद्यालय’ हा शब्द सोलून काढला, की शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली आढळते. यावर उपाय असा : अक्षरे लिहून झाल्यावर त्यांचे रेषाकृतीत रूपांतर करावे आणि सर्व तुकडे एकत्र सांधून एकच बाह्यरेषा करावी. ही सोय असलेली आज्ञावली यंत्राबरोबर आहे किंवा नाही, हे विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत. इंकस्केप ही विनामूल्य आज्ञावलीही हे सांधण्याचे काम करते. पुण्याच्या सी-डॅकने आणि श्री-लिपी तयार करणाऱ्या संस्थेने मराठी अक्षरांचे अनेक वळणदार टंक उपलब्ध केले आहेत. विकत घ्यावयाच्या यंत्राच्या आज्ञावलीत ते उमटतात काय, हेही तेथेच पाहावे.

तेलुगूत अक्षराच्या खाली दुसऱ्या व्यंजनाचे चिन्ह सुटे लटकते. हा लहानसा तुकडा सोलताना उचलला जातो आणि हरवतो. तेलुगू वाचता न येणाऱ्या कारागिराच्या ते ध्यानातही येत नाही. फलक लागतो आणि दुकानाचे नाव चुकते. उर्दूच्या नस्तालीक वळणात अक्षरे तिरपी उतरत एकमेकांवर येतात आणि नुक्ते, म्हणजे ठिपके, त्यांच्या भोवती सुटे असतात. ‘चश्मा’ हा लहानसा शब्द घेतला, तरी त्यात तीन ठिपके वर आणि तीन खाली आहेत. हैदराबादच्या छत्ता बाजारातील कातिबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे ठिपके बोरूच्या एका फटकाऱ्याने उमटविले. यंत्राला तोच ठिपका कापावयास सांगितला आणि गती जास्त ठेवली, तर तो गोल वा चौकोनी न होता फाटतो. म्हणून अशा कामात गती कमी ठेवावी लागते, पाते नवे असावे लागते आणि ठिपका फार लहान होणार असेल, तर अक्षरच मोठे घ्यावे लागते.

एकूण, ‘विद्यालय’ आणि ‘चश्मा’ हे शब्द आपापल्या लिपीत आणि खाली चिन्ह लटकणारे एखादे तेलुगू नाव, अशी तीन कामे यंत्राने दोन इंच उंचीत स्वच्छ कापून दिली, तर ते यंत्र बहुभाषी वस्तीत चालेल. त्याचबरोबर, जी लिपी आपल्याला वाचता येत नाही, तिचा मजकूर कापण्यापूर्वी ती लिपी जाणणाऱ्या माणसाला दाखविण्याचा नेम ठेवावा. गावच्या शिक्षकांनी या कामी साहाय्य केले, तर भाषेचीही सेवा घडेल.

माल, हवामान आणि वीज

यंत्र चांगले, पण पान हलके असेल, तर फलक टिकत नाही. साधे स्वस्त व्हिनायल उघड्यावर एक ते तीन वर्षे तग धरते. उन्हात ते आक्रसते आणि कडा उचलतात. मध्यम प्रतीचे पान पाच ते सात वर्षे, तर ओतीव पद्धतीने केलेले, सुमारे ५० मायक्रॉन जाडीचे उंची पान त्याहूनही अधिक टिकते. दख्खनच्या उन्हाळ्यात ही मुदत कमी धरावी. दुकानाच्या आतील काचेसाठी स्वस्त पान चालेल. दक्षिणाभिमुख पत्र्याच्या फलकासाठी नव्हे. गिऱ्हाइकाला हा फरक आणि त्याचे दर आधीच लेखी द्यावेत. वर्षभरात सोललेले एक अक्षर दहा गिऱ्हाइके घालविते.

कोरड्या हवेत व्हिनायलचा रूळ उलगडताना त्यावर स्थिर विद्युत साचते. त्यामुळे काम अर्ध्यावर थांबण्याचे प्रकार घडतात आणि पान वाया जाते. यंत्राला योग्य भूमिसंपर्क, म्हणजे अर्थिंग असणे त्यासाठी आवश्यक आहे. वीज जाऊन काप अर्धवट राहू नये, म्हणून संगणक आणि यंत्र यांना बॅटरीवरील वीजपुरवठ्याची जोड द्यावी. रूळ उन्हापासून व पावसाळी ओलीपासून जपावेत.

आणखी एक धोक्याची सूचना. काही ठिकाणी लाकूड वा ॲक्रिलिक कापणारे लेझर यंत्र हाताशी असते आणि त्यावरच व्हिनायल कापण्याचा मोह होतो. व्हिनायलमध्ये क्लोरीन असते. ते जळाले, की हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो; तो फुप्फुसांना अपायकारक असून यंत्रही गंजवितो. म्हणून व्हिनायल लेझरवर कापू नये आणि त्याची कात्रणे दुकानामागे जाळूही नयेत.

कायद्याने मिळणारे आणि जाणारे काम

यंत्र घेताना कोणत्या कामाच्या भरवशावर ते घेतले जात आहे, याचा विचार हवा. एके काळी वाहनांच्या क्रमांकपाट्या हा रेडियमच्या दुकानांचा मोठा आधार होता. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवूनच मिळते. तेव्हा क्रमांकपाट्यांच्या उत्पन्नावर कर्जाचा हिशेब मांडणे धोक्याचे आहे. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीच्या प्लॅस्टिक व पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आली, हेही फलकांचा व्यवसाय करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

दुसरीकडे नवे कामही निर्माण झाले आहे. महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन सर्व दुकाने व आस्थापना यांना मराठी देवनागरी लिपीतील नामफलक बंधनकारक झाला आणि मराठी अक्षरे अन्य भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे ठरले. तेलंगणात २०१७ पासून उर्दूला राज्यभर दुसऱ्या राजभाषेचे स्थान आहे. म्हणजे दोन्ही राज्यांत आपापल्या लिपीत शुद्ध आणि सुबक अक्षर देणाऱ्याला मागणी आहे. शाळा, ग्रामपंचायती, आरोग्य केंद्रे आणि सहकारी संस्था यांचे सूचनाफलक हेही नियमित येणारे काम आहे.

पैशाचा हिशेब

समजा, यंत्र, बॅटरी आणि पहिला माल यांसाठी ६०,००० रुपये कर्ज काढले. दरसाल १२ टक्के व्याजाने ते तीन वर्षांत फेडावयाचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे २,००० रुपये येतो. त्यात पाती, वीज आणि वाया जाणारे पान यांचा खर्च मिळवावा. आता वही पाहावी. बाहेरून अक्षरे कापून आणण्यासाठी दरमहा ३,००० रुपये जात असतील, तर यंत्र स्वतःचा भार स्वतः उचलील. तो खर्च १,२०० रुपयेच असेल, तर आणखी काही महिने बाहेरूनच कापून आणावे आणि गिऱ्हाईक वाढवावे; त्यात कमीपणा नाही. छापलेली लेबले कडेने कापण्याचा बेत असेल, तरच खुणा ओळखणाऱ्या प्रकाशनेत्राचे यंत्र घ्यावे. केवळ अक्षरांसाठी तो खर्च अनाठायी होय.

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जाला शिशु, आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंतच्या कर्जाला किशोर अशी नावे आहेत. महाराष्ट्रातील इच्छुकांनी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन अन्य योजनांच्या प्रचलित अटीही समजून घ्याव्यात. कर्जाच्या अर्जासोबत तीन महिन्यांची कामाची वही जोडली, तर बँकेच्या अधिकाऱ्यालाही निर्णय घेणे सोपे जाते.

यंत्राची दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न अखेरीस विचारला जातो; वास्तविक तो आरंभी विचारावयास हवा. पाती, पातेधारक आणि रबरी चाके शहरात मिळतात काय? हमीच्या मुदतीत कारागीर दुकानी येतो, की यंत्र दूर पाठवावे लागते? गणेशोत्सव वा निवडणुकीच्या हंगामात पंधरा दिवस बंद पडलेले स्वस्त यंत्र महागात पडते.

कुंचला आणि पाते

शेवटी, यंत्र आले म्हणून कुंचला टाकून देण्याचे कारण नाही. खडबडीत भिंतीवर व्हिनायल चिकटत नाही. शाळेच्या भिंतीवरील सुविचार आजही रंगानेच लिहावे लागतात. पत्र्याच्या फलकावर मात्र व्हिनायलमध्ये कापलेल्या अक्षरांच्या पोकळीतून रंग भरला, तर फलक टिकाऊ होतो आणि कडही रेखीव येते. जुना चित्रकार आणि संगणक जाणणारा त्याचा मुलगा वा मुलगी एकत्र बसले, तर एकाचा डोळा आणि दुसऱ्याचे यंत्र मिळून जे काम होईल, ते दोघांपैकी एकट्याला साधणारे नाही.

यंत्र किती मोठे आहे, यावरून धंद्याची प्रतिष्ठा ठरत नाही. फलकावरचे नाव शुद्ध आहे काय, दोन उन्हाळ्यांनंतर ते जागेवर आहे काय आणि हप्ता वेळेवर जातो काय, यावरून ती ठरते. या तीन गोष्टी साधणारे यंत्र ज्याने आपल्या वहीच्या आधारे निवडले, त्याच्या धंद्याला बरकत आल्यावाचून राहणार नाही.